निरीक्षण बाकी

जुलैची चौदा तारीख, मंगळवार, दुपारचे सव्वाबारा. रक्कम पाचशे रुपये. हजर चौघे: वाहतूक ठाण्यातले हवालदार, आमचे घरमालक, त्यांची मुलगी आणि मी. टेबलावर स्कूटरची एक नंबरप्लेट होती. त्या खोलीत खुर्च्या होत्या, कपाट होतं, पंखा होता, पण सगळ्यांत नीट बनवलेली वस्तू ती नंबरप्लेटच होती. आणि गुन्हाही तिच्यावरच होता.

पाचशेची नोट घरमालकांनी आल्याबरोबर काढून टेबलावर ठेवली होती. पैशांना त्यांची हरकत नव्हती, सहीला होती. अर्धा तास झाला तरी पेनाचं टोपण निघालं नव्हतं. तो अर्धा तास समजायचा तर माणूस आधी सांगावा लागेल.

जबलपूरला रांझीत त्यांच्या माडीवर मी सहा वर्षं चार महिने भाड्यानं राहिलो. मोहल्ल्यात त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. हिंदी बोलणारे गेजवाले बाबूजी म्हणत, आम्ही मराठी घरं काकाजी म्हणत असू. लष्करी सामानाच्या कारखान्यात, तपासणी विभागात त्यांची चौतीस वर्षं गेली. दुसऱ्यांनी बनवलेला माल मापायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं, एवढंच काम. त्यांचे वडील वर्ध्याकडून आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. पुढे राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि हे इकडे राहिले. "सीमा आखतानी कोणी मापलंच नाही जी," ते म्हणत, "अंदाजानं आखली."

अंदाज हा त्यांच्या तोंडी शिवीसारखा शब्द होता.

माडी बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो नोकरीचा नव्हता, जातीचा नव्हता, मटणाचा नव्हता. विचारलं, "सर्वांत मोठं सामान कोणतं?"

"लोखंडी कपाट."

"जिन्यातून जाईल?"

"जाईल बहुतेक."

"अंदाज सांगून राहिले का माप?"

मी परत घरी जाऊन कपाट मापलं. जिन्यापेक्षा दीड सेंटिमीटर जास्त भरलं. सामान आलं त्या सकाळी त्यांनी कठड्याचा खांब आधीच उकलून ठेवला होता. कपाट गेलं, खांब परत बसला, हमालांना थांबावं लागलं नाही. मी सरकारी कार्यालयात हिशेबाचं काम करतो. मला माणूस तिथंच पटला. पण आमचं पूर्ण जमलं असं कधी झालं नाही, कारण मी मोजणारा आणि ते मापणारे. एका टोपलीत किती आंबे आहेत ते मी सांगे, ते प्रत्येक आंबा केवढा ते सांगत.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पितळेची एक चपटी पट्टी असे. तिची दोन टोकं किंचित वेगळ्या जाडीची होती. फट मापायची असली की पातळ टोक आत गेलं पाहिजे, जाड टोक जाता कामा नये. पातळ जात नसेल तर फट लहान, जाड जात असेल तर फट मोठी. दोन्ही वेळा माल नापास. कारखान्यात याला गेज म्हणतात. ही पट्टी त्यांनी निवृत्तीनंतर स्वतः घासून बनवली होती, कारण कारखान्याची गेज आणि आपल्या नंबराचा पोलादी शिक्का त्यांनी शेवटच्या दिवशी परत केला होता. शिक्क्याबद्दल ते क्वचित बोलत. गेजबद्दल रोज.

विहारासाठी एका वर्षी नवा ध्वज शिवून आणला. वर्गणी काढणाऱ्यांनी तो उलगडून दाखवला, सगळ्यांनी छान म्हटलं, काकाजींनी खिशातून मोजपट्टी काढली. पिवळी पट्टी निळीपेक्षा चार मिलिमीटर रुंद होती.

"काकाजी, इतक्या वर कोणाला दिसणार आहे?" एकानं विचारलं.

"खाली तुम्हाले दिसून राहिली ना?"

"आता तुम्ही सांगितल्यावर दिसली."

"मग झालं. आता ती रोज दिसेल."

ध्वज शिंप्याकडे परत गेला. शिंप्यानं मजुरी वाढवून मागितली, ती काकाजींनी दिली. वर्गणीच्या यादीत त्यांचं नाव त्यामुळे दोनदा आलं, आणि वाचणाऱ्यांना वाटलं की चूक झाली.

दुसरी गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही, त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका गृहस्थांनी सांगितली. कधीकाळी लाकडी पेट्यांसाठी बिजागऱ्यांचा एक मोठा लॉट आला होता. भोकं थोडी सरकलेली होती. काकाजींनी लॉट नापास केला. वरचे साहेब म्हणाले, बिजागरी आहे, तोफ नाही, सही करून टाका. काकाजी म्हणाले, सही करतो, पण नापासची करतो. तीन दिवस लॉट तसाच पडून राहिला आणि चौथ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या सहीनं गेला. काकाजींची त्या वर्षीची बढती गेली. त्यानंतरही, ते गृहस्थ म्हणाले, दर वर्षी कोणीतरी त्यांच्यापुढे असा एखादा कागद सरकवायचं आणि दर वर्षी तो तसाच परत यायचा. चौतीस वर्षांत खोट्या कागदावर त्यांची एकही सही नव्हती. हे मी पुढच्या हकिकतीसाठी सांगतो आहे.

निवृत्तीनंतर मापायला माल उरला नाही. मग त्यांना नंबरप्लेटी सापडल्या.

कसं झालं की त्यांना कुठूनतरी मोटारवाहन नियमांतला तक्ता मिळाला. स्कूटरच्या मागच्या पाटीवर अक्षरं पस्तीस मिलिमीटर उंच, आकडे चाळीस मिलिमीटर, जाडी सात, दोन आकड्यांमधली फट पाच. स्कूटर कुठलीही असो, सरकारनं तिच्या पाठीवर पाच मिलिमीटरची फट लिहून ठेवली आहे आणि ती कोणी मापत नाही, या शोधानं ते तरुण झाले. संध्याकाळी फिरायला निघाले की उभ्या गाड्यांपाशी वाकत. पास असेल तर काही नाही. नापास असेल तर टायरवर लाल खडूची लहान फुली. मोहल्ल्यात दोन-तीन महिन्यांत सगळ्यांचे टायर लाल झाले. एक दुकानदार भडकला, "काय बाबूजी, पुलिस हो क्या?" काकाजी शांतपणे म्हणाले, "पुलिस नापता नहीं, इसी लिए तो मैं नाप रहा हूँ."

माझ्या स्कूटरवरही फुली पडली. पेंटरनं सहाचा आकडा पोट सुटल्यासारखा काढला होता. मी एकदा रंगवून घेतलं, पुन्हा फुली. दुसऱ्यांदा रंगवून घेतलं तेव्हा पेंटरनं मला विचारलं, "साहब, वो बाबूजी आपके रिश्तेदार हैं?" मी म्हटलं, मकानमालिक आहेत. त्यानं पैसे कमी घेतले.

त्यांची स्वतःची स्कूटर जुनी, राखाडी. पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली, अर्थात बरोबर मापाची. त्या स्कूटरवर आता त्यांची मुलगी जात असे. घरात ही दोघंच. मुलगी बी.एड. करून चार वर्षं खासगी शाळेत अर्ध्या पगारावर शिकवत होती, रांझीहून विजय नगर, रोज जाऊन-येऊन. सरकारी शिक्षिकेच्या परीक्षेत तिचं नाव लागलं तेव्हा काकाजींनी मोहल्ल्यात पेढे वाटले. पेढे मापले नाहीत. मी बघत होतो.

त्याच सुमाराला नव्या नंबरप्लेटींचा हुकूम जुन्या गाड्यांनाही लागू झाला. रंगवलेली पाटी चालणार नाही. ॲल्युमिनियमची, प्रकाश पडला की चमकणारी, अक्षरं उठावाची, कोपऱ्यात चक्राचा चमकता होलोग्राम, खाली लेसरनं कोरलेला क्रमांक. स्कूटरला बसवायची ती एकदा दाबली की न निघणाऱ्या रिव्हेटनं. काकाजी माडीवर आले. चष्मा आणला नव्हता.

"तुमच्या ऑफिसातून तो नियम छापून आणला म्हणे?"

"आणला आहे."

"वाचा. आकडे आकडे वाचा."

मी आकडे वाचले. मागची पाटी दोनशे बाय शंभर. पत्रा एक मिलिमीटर. होलोग्राम वीस बाय वीस. ते शिसपेन्सिलीनं लिहून घेत होते. त्या कागदावर एक वाक्य असंही होतं की या पाट्या फक्त सरकारनं मान्यता दिलेल्या उत्पादकानंच बनवायच्या. त्या वाक्यात आकडा नव्हता. मी ते वाचलं नाही. मुद्दाम गाळलं असं नाही. आकड्यांवरून आकड्यांवर जाताना माझी नजर त्याच्यावरून घसरली, तशी ती नेहमीच घसरते.

पुढचे अकरा दिवस खालच्या पडवीतून ठोकण्या-घासण्याचे आवाज येत होते. चमकणारी फिल्म त्यांनी बाजारातून आणली, पत्रा कापला, उठावासाठी एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी साचा पाडून घेतला. बाराव्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं आणि पाटी माझ्या हातात दिली.

मला यातलं कळत नाही, तरी सांगतो, ती सुंदर होती. काठ हाताला लागत नव्हते. प्रत्येक फटीत गेजचं पातळ टोक जात होतं, जाड जात नव्हतं, हे त्यांनी मला एकेक करून दाखवलं. डाव्या कोपऱ्यात वीस बाय वीसचा चौकोन रिकामा ठेवला होता. त्याच्या खाली एक रिकामी पट्टी.

"हे काय राहिलं?" मी विचारलं.

"शिक्का. तो मी कसा मारू? बनवणाऱ्यानं आपल्याच मालाला शिक्का मारला त मग तपासणी कायले ठेवायची? हे त्यांचं काम."

"कोणाचं?"

"ट्रान्सपोर्टवाल्यांचं. नेऊन देतो. मापतील, शिक्का मारतील."

पाटीच्या मागे पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता आणि त्याच्या शेजारी पंचनं बारीक अक्षरांत ठोकलेलं होतं: निरीक्षण बाकी. कारखान्यात न तपासलेल्या मालाला पिवळा ठिपका असतो, हे मला तेव्हा कळलं.

सरकारनं मापं जाहीर केली, म्हणजे सरकारनं नकाशा काढून दिला. नकाशा आहे तर माल कोणीही बनवावा आणि सरकारनं तो मापून घ्यावा. चौतीस वर्षं तपासणीत काढलेल्या माणसाला नियमाचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे सुचलंच नाही. परिवहन कार्यालयात खिडकीवरच्या बाबूनं पाटी उलटसुलट केली आणि शेजारच्याला दाखवली. "देखो, घर से बना के लाए हैं." मग काकाजींना, "बाबूजी, जे ऐसे नहीं होता. ऑनलाइन बुक करो, डीलर लगाएगा."

"नापेगा कौन?"

"कोई नहीं नापता."

ते घरी आले, पाटी कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि दोन दिवस गेज खिशात घेतली नाही. ऑनलाइन बुक मात्र केलं नाही. मुलीनं विचारलं तर म्हणाले, "करू, घाई काय आहे?" घाई होती. तिच्या नेमणुकीचे कागद पोलीस पडताळणीला गेले होते. तो कागद स्वच्छ परतला की रुजू व्हायचं, नाही परतला की नाव खालच्या माणसाकडे जायचं.

चौदा जुलैला तिला शिक्षण कार्यालयात मूळ प्रमाणपत्रं दाखवायची होती, आणि त्या आठवड्यात चौकाचौकांत नव्या पाट्यांची तपासणी लागली होती. तिनं सकाळी बाबा विहारात गेलेले असताना कपाटातली पाटी काढली, पान्यानं जुनी खोलली, नवी लावली आणि निघाली. लांबून चमकते, एवढं पुरे, असा तिचा हिशेब. लांबून ती चमकलीच. सिविल लाइंसच्या चौकात हवालदारांना इतकी चांगली पाटी बघून शंका आली. जवळ येऊन बघितलं तर होलोग्रामच्या जागी रिकामा चौकोन.

तिनं मला फोन केला, बाबांना नाही. मी कार्यालयातून सुटी टाकून काकाजींना घेऊन ठाण्यात गेलो.

हवालदार पन्नाशीचे, दमलेले, वाईट नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं. नकली सरकारी पाटी म्हणून प्रकरण वर पाठवलं तर ते फसवणुकीत जाईल, आणि बाईंचा पडताळणीचा कागद अडकेल. नाहीतर नवी पाटी नाही म्हणून पाचशेचं चलान, एक लिहून दिलेला कबुलीचा कागद, ही पाटी नष्ट, आणि शनिवारपर्यंत खरी पाटी लावून गाडी दाखवायची. "बिटिया की नौकरी का मामला है, बाबूजी. मैं भी लड़की वाला हूँ. साइन कर दो, बात खतम."

कागदावर हिंदीत एकच ओळ होती. मी माझ्या गाडीवर नकली नंबरप्लेट लावली, अशा अर्थाची.

"हे नकली नाही," काकाजी मला म्हणाले. मग हवालदारांना, "नकली मतलब जो असली बन के धोखा दे. मैंने तो जगह खाली छोड़ी है. पीछे लिखा भी है."

हवालदारांनी पाटी उलटी केली. "का लिखा है?"

"निरीक्षण बाकी."

"तो क्या लिखूँ?"

"अनिरीक्षित लिखो."

"बाबूजी, इसका खाना नहीं है." त्यांनी छापील फॉर्म फिरवून दाखवला. तसा रकाना खरोखर नव्हता.

असा तो अर्धा तास गेला. काकाजींनी गेज काढून एकेक फट मापून दाखवली. हवालदार दोन फटी कौतुकानं बघत होते, तिसऱ्यापासून घड्याळ बघू लागले. मधेच काकाजींची नजर दारातून बाहेर गेली. बाहेर हवालदारांची मोटारसायकल उभी होती, तिच्यावर रंगवलेली जुनी पाटी, आकडे आडवेतिडवे. त्यांनी गेज हातात सरळ धरली. मुलीनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि गेज त्यांच्याच खिशात सरकवली. मग हात खिशावरच राहू दिला.

"बाबा," ती म्हणाली, "चार साल हो गए."

एवढंच. ती घरीही मराठीत क्वचित बोले, पण ऐके सगळं. काकाजींनी तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि पेनाचं टोपण काढलं.

मी हिशेबाचा माणूस आहे, कागद नीट वाचतो. निदान आकडे नसलेलं त्या दिवशी तरी नीट वाचलं. त्या ओळीत दोन गोष्टी होत्या. नकली, ज्याच्यावर ते अर्धा तास भांडले. आणि मी लावली, जे सरळ खोटं होतं. पाटी मुलीनं लावली हे त्यांना माहीत होतं, ती ठाण्याच्या दारातच सांगून बसली होती. न तपासलेला माल त्यांनी स्वतः गाडीवर चढवणं शक्यच नव्हतं. पण त्या दुसऱ्या गोष्टीवर त्यांनी अर्ध्या तासात एकदाही बोट ठेवलं नाही. सही केली ती नेहमीसारखी, पूर्ण नावाची, खाली तारीख.

हवालदारांनी पाटी उचलली आणि वाकवून कोपऱ्यात टाकायला निघाले.

"असं नका करू," काकाजी मराठीतच म्हणाले. हवालदार थांबले. "ऐसे नहीं. मोड़ के डालोगे तो कोई सीधा करके लगा लेगा. रिजेक्ट माल काटना पड़ता है."

स्कूटरच्या डिकीत त्यांची करवत-कानस असायचीच. त्यांनी ती आणवली, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पाटी कापायला घेतली. कुठल्याही तुकड्यावरून पूर्ण क्रमांक वाचता येऊ नये असे तीन तुकडे. दुसऱ्या कापाला पाटी हलू लागली तेव्हा हवालदारांनी दोन्ही हातांनी दुसरं टोक धरलं. तुकडे झाल्यावर काकाजींनी काठ कानशीनं घासून गुळगुळीत केले, कोणाच्या हाताला लागू नये म्हणून, आणि हवालदारांच्या स्वाधीन केले. पावती घेतली, वाचली, घडी करून खिशात गेजच्या शेजारी ठेवली.

परत येताना मी त्यांना सांगितलं, ते एक वाक्य मी वाचलं नव्हतं. निम्मे पैसे मी देतो असंही म्हटलं.

"तुम्ही वाचलं असतं तरी मी बनवलीच असती," ते म्हणाले. "पैसे कायले? पण नकाशा अर्धा वाचणाऱ्याले आमच्याकडे मेमो मिळते."

मला वाटलं गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या फटीतून कागद आला. अनुक्रमांक एक, विषय अपूर्ण वाचन, पुन्हा असे घडल्यास गंभीर दखल घेतली जाईल, खाली सही. तो मेमो माझ्याकडे अजून आहे. सरकारी नोकरीत मला मिळालेला एकमेव मेमो तो, आणि तो सरकारचा नाही.

खरी पाटी मुलीनं त्याच दुपारी बुक केली. शनिवारी पाटी विजय नगरच्या एका डीलरकडे आली. तिची किंमत ऑनलाइन भरलेली होती. आम्ही तिघं गेलो. फिटिंगवाला घाईत होता, त्याच्यापुढे आठ-दहा गाड्या. त्यानं आमच्या स्कूटरकडे बघून मान हलवली. जुनी गाडी, पाटीची भोकं जुळत नाहीत, पट्टी वेल्ड करावी लागेल, आज होणार नाही, सोमवारी या. ठाण्यात गाडी संध्याकाळपर्यंत दाखवायची होती.

"आज ही कर दो," मुलगी म्हणाली.

"दीदी, आज का पचास अलग लगेगा."

"रसीद?" काकाजींनी विचारलं.

"इसकी रसीद नहीं होती, बाबूजी."

काकाजी गप्प राहिले, म्हणजे त्यांनी ते नापास केलं. मी फिटिंगवाल्याला हातानं खूण केली. त्यानं पट्टी वेल्ड केली, पाटी धरली, रिव्हेट भोकात बसवला आणि दाबायचं हत्यार हातात घेतलं. एकदा दाबलं की ते उघडत नाही.

"एक मिनट," काकाजी म्हणाले.

ते खाली वाकले आणि गेज काढली. पहिल्या फटीत पातळ टोक गेलं, जाड गेलं नाही. दुसऱ्या फटीत तेच. तिसऱ्या फटीत, शेवटच्या दोन आकड्यांच्या मधे, त्यांनी जाड टोक लावलं आणि ते आत गेलं. सहज गेलं. त्यांनी काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा गेलं. मी उभा होतो तिथून मला दिसत होतं. मुलीला दिसत होतं की नाही माहीत नाही. तिनं या वेळी हात पुढे केला नाही, हातातली कागदांची पिशवी घट्ट धरून नुसती उभी राहिली.

कोपऱ्यात होलोग्राम चमकत होता. शिक्का होता, लेसरचा क्रमांक होता, सगळं होतं.

काकाजी गुडघ्यावर हात टेकून उठले. गेज स्वतःच खिशात ठेवली आणि खिशावर स्वतःचाच हात ठेवला.

"दबा दूँ?" फिटिंगवाल्यानं विचारलं.

"दबा दो," ते म्हणाले. "पास है."

कट असा आवाज झाला. मुलीनं स्कूटर सुरू केली आणि ठाण्याकडे गेली. हवालदारांनी कागदावर शेरा मारला, पडताळणी स्वच्छ गेली, पुढल्या महिन्यात ती रुजू झाली. काकाजींनी त्यानंतर मोहल्ल्यात लाल खडू वापरला नाही. कोणी विचारलं तर म्हणत, आता सगळ्या पाट्या वरूनच पास होऊन येतात, आपलं काम नाही.

आता हिशेब. पाचशे रुपये वाहतूक ठाण्याला, काकाजींनी दिले, पावती आहे. पाटीची किंमत मुलीनं भरली, त्याचीही पावती आहे. पन्नास रुपये फिटिंगवाल्याला, ते मी दिले. पावती नाही.